दोरीवरचा पांढरा कोट

२ मे
नोकरीसाठी जयपूरला पोचले! तिलक नगरात वीणाकाकूंच्या वरच्या खोलीत राहणार. काका बँकेतून निवृत्त झाले आणि इथेच रमले. घरात सून संपदा आणि तिची चार महिन्यांची ज्ञानदा. काकूंनी पोह्यांवर मूठभर शेव घातली. म्हणाल्या, मतलब, इथे असेच खातात, सवय कर. ज्ञानदाने माझं बोट धरलं ते सोडेचना.

५ मे
कंपनीची बस चौमूं गावाच्या अलीकडे सोडते. थायरॉइडच्या रुग्णांसाठी किरणोत्सारी आयोडीनच्या कॅप्सूल इथे बनतात. काचेच्या बंद पेटीला रबरी हातमोजे जोडलेले असतात, त्यांत हात घालून काम करायचं. हवेतला किरणोत्सार तपासणारं यंत्र माझ्या टेबलाशी आहे. बाहेर पडताना कपडे तपासणारा मापक दुरुस्तीला गेलाय. पांढरा कोट तिथल्याच पिंपात टाकायचा, असा नियम. पण ते कोट धुणारी बाई माझ्या आजीच्या वयाची आहे. पाचवीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. आपलं मळलेलं दुसऱ्याकडून धुऊन घ्यायचं नाही, हा पहिला धडा. कोट पिशवीत घालून घरी आणला. रोज आणीन.

१४ मे
दुपारी आँधी आली, धुळीचं वादळ, आणि यंत्र वाजू लागलं. मी घाबरले. आमचे प्रमुख कौशिक सर हसले. मॅडमजी, आँधीत हे रडतंच, इथली धूळच तशी, म्हणाले. बटण दाबून त्यांनी ते गप्प केलं. नियमात असं नाही, मी म्हटलं. नियम लिहिणाऱ्यांनी राजस्थान बघितलेलं नाही, म्हणाले. सगळे हसले. मीही.
हल्ली कोट काकूच ओढून घेतात. एवढी दमून येतेस आणि बादलीपाशी कसली बसतेस, म्हणतात. ज्ञानदाच्या दुपट्यांबरोबरच भिजवतात.

२३ मे
आज पानही हलत नव्हतं. यंत्र वाजलं. सरांनी सवयीने बटण दाबलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. कोणी हसलं नाही.
पेटीच्या डाव्या हातमोज्याला मनगटापाशी चीर होती. कडा वाळून पांढऱ्या झालेल्या. केव्हाची, कोण जाणे.

२४ मे
काम बंद. सरांनी किरणोत्सार मोजणारा हातातला मीटर माझ्या गळ्याशी धरला. टक, टक, मग सलग. आयोडीन गळ्यात साठतं, मला ठाऊक होतं. काही वाटलं नाही. मग सर्वांचे कोट मीटरने तपासायला घेतले. पिंपात माझा एकही नव्हता.
मीटर मागितला. सरांनी मान वर न करता दिला.

२४ मे, दुपार
बादली — वाजतो. दोरी — वाजतो. दुपटी —
संपदाला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ज्ञानदाला आणते, तूच बघ, म्हणाली. खाली गेली.
मीटर दाराशी ठेवलाय, माझ्यापासून लांब. शांत आहे.
काकू विचारताहेत, चहा टाकू का.
जिन्यात पावलं. ज्ञानदा खुदकन हसली. दार अजून उघडलं नाही, आणि मीटर —