भुजंगासनाखालची ओळ

भाविनी,

तू बोर्डीहून येशील तेव्हा मी डहाणूच्या बाजारात असेन. मालूची मासळीची पाटी आज मी घेऊन चालले आहे. तिची आधीच दुखणारी कंबर काल पुरती धरली, तिला उठता येत नाही, आणि ते माझ्यामुळे.

काल तुझ्या जागी बायकांना मी योगासनं शिकवली. ताडासन नीट झालं. मग तुझ्या कागदावरचं भुजंगासनाचं चित्र बघून सगळ्यांना पोटावर झोपवलं आणि छाती वर उचलायला लावली. मालूने विचारलं, "मास्तरीणबाई, खाली काय लिवलंय?" मला वाचायला वेळ लागतो. सगळ्या बघत होत्या. मी म्हटलं, "जोर लावा, असं लिहिलंय."

घरी येऊन बोट ठेवून वाचलं. कंबरदुखी असणाऱ्यांनी हे आसन करू नये, असं होतं.

मालूला खरं सांगितलं. ती म्हणाली, "भीमे, आधी पाटी उचल, मग रड."

तुझ्या कागदावर खरंच तसं लिहिलंय असं समजून बायका तुला नावं ठेवत आहेत. तूच मला अक्षरं शिकवलीस आणि मी असं केलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर ती ओळ मीच वाचणार आहे. मी अडखळले तरी तू पुढचा शब्द सांगू नकोस.

भाकरी टोपलीत आहे.

आई