पावाच्या मशीनमधली लांबरोटी

तृप्ती,

न सांगता लाइन बंद करणाऱ्या वीज ऑफिसातल्या साहेबाले लाज नाही. तुझ्या पावाच्या मशीननं कणीक मळली अन् तेवढ्यात वीज गेली. मग तीच कणीक पाणी लावून हातावर लांबवली अन् उलट्या मडक्यावर लांबरोट्या भाजल्या. डब्यात चार झाकल्या आहेत, डाळीसंग खा.

लग्नघरच्या रोट्यांची कणीक मळून मनगट गेलं, तेव्हापासून आज पहिल्यांदा हात दुखला नाही. पोरी, लय केलंस. मशीन आली तेव्हा मी मोहल्लाभर सांगत फिरली, सून आळशी आहे. ती माझ्या मनगटासाठी होती, हे काल तुझ्या नवऱ्यानं, अनुपनं, सांगितलं.

साहेबाले जाब विचारायले चालली. तुलेही विचारते: एवढ्या शिव्या ऐकल्या, पण तोंड काहून नाही उघडलं? आल्यावर मले उत्तर पाहिजे.

तुझी सासू,
रत्नमाला