खाटकाच्या पोरीचा घास

प्रिय सरकार,

"ठमी दोन्ही वेळा पोटभर जेवते," असं काल फोनवर म्हणालो ना, ती शुद्ध थाप होती. तू परगावी नोकरीला गेल्यापासून पोरीचं वजन जिथल्या तिथे आहे. अंडं, डाळ, दूध, सगळ्याला तोंड फिरवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मटण द्या, प्रोटीन पोटात जाऊ दे. घरचंच तर दुकान आहे!" गिऱ्हाईकंही हसतात, "खाटकाची पोर आणि नुसती काडी!"

रोज मऊ तुकडा तिच्यासाठी बाजूला काढतो, बारीक खिमा करतो, भातात लपवतो. बाईसाहेब जिभेने बरोब्बर हुडकून काढतात. ओकारी यायला लागली की मी तिच्या तोंडाखाली हात धरतो आणि म्हणतो, "थुंक, बाळा." दुसरं काय करणार?

तिला दाखवायला मीही ताटात मटण वाढून घेतो. आज तिने माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. "बाबा खा."

तुला ठाऊकच आहे, दिवसभर मटण कापल्यावर माझ्या घशाखाली ते उतरत नाही. पण तिच्यासमोर माघार कशी घेऊ? घास घेतला, चावला, हसलोसुद्धा. गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं.

तर ठमीने इवलासा तळवा माझ्या हनुवटीखाली धरला. "थुंक, बाळा."

मी थुंकलो गं.

हे वाचलंस तर नोकरी सोडून येशील, म्हणून पत्र सुऱ्यांच्या खणात ठेवतोय. उद्या फोनवर सांगेन, दोघंही पोटभर जेवलो.

तुझा,
थापाड्या खाटीक