काटे काढलेला तुकडा

गुदैबिया, शुक्रवार, १२ मे १९९५

काल मिसरहून इथं आखातात परतले. नाईल नदीच्या काठचं लहानसं गाव ते. गेले होते इक्बालच्या पोरीला आणायला. माझा थोरला लेक इक्बाल वारला तशी त्याची मिसरी बायको लेकीला घेऊन माहेरी गेली, त्याला वर्ष झालं.

जेवायला नदीचा मासा. चिखलाचा वास, वर काटेच काटे. पोरीची तिकडची आजी काटे काढून तिला भरवत होती. मीही काटे काढून एक तुकडा पुढे केला. इथं असताना माझ्याच हातचा खायची. पोरीनं तो घेतला आणि त्या बाईला दाखवला, काटा राहिलाय का बघ म्हणून. रत्नागिरीच्या बाईची ही परीक्षा. त्या बाईनं न बघताच परत दिला. भली आहे मेली.

आज धाकटा रफीक विचारतो, "आई, आणायला गेलीस आणि हात हलवत आलीस?"

म्हटलं, "तिकडं तिचं पोट भरतंय."

संध्याकाळी इथल्या समुद्रातला साफी मासा तळला. तो तुकडा काही डोक्यातून जाईना. मुद्दाम तेवढाच एक घेतला, दिव्याखाली धरून काटे काढले आणि तोंडात टाकला.

काटा लागला.