कोश वर्गणीवरच चालवावा

मी, सत्यशीला रंगनाथ वडके, वय वर्षे चौसष्ट, खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त, राहणार कसबा पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव नाही असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. दबाव भरपूर आहे. मी त्याला बधलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

आत्ताच करण्याचे कारण असे. परवा, मंगळवारी, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही, आणि त्याच दमात कागदावर सही मागतात. मला भीती वाटते. स्वतःची कमी आणि कोशाची जास्त.

'सार्वजनिक कोश' हा इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश आम्ही काही जणांनी चार वर्षांपूर्वी सुरू केला. तो कोणीही फुकट वाचावा, त्यात कोणीही लिहावे, फक्त लिहिलेल्याला आधार दाखवावा. ही नोंदलेली संस्था नाही. कोशाचे नाव, परदेशातल्या संगणकावरची त्याची भाड्याची जागा आणि तिचे पासवर्ड सगळे माझ्या एकटीच्या नावावर आहे. मंगळवारी मी टेबलावरून उठले नाही, तर हे सारे माझा मुलगा अभिनव याच्याकडे जाईल, आणि तो आठवड्याच्या आत कोशावर जाहिराती लावील. त्यात जागेचे भाडे, जे आजवर आम्ही आपसांत भागवले, सप्टेंबरअखेर भरायचे आहे. ते चुकले तर सगळे पुसून टाकू, असे त्या लोकांचे पत्र आलेले आहे. म्हणून हा खटाटोप.

कलम १. कसबा पेठेतला, दुसऱ्या मजल्यावरचा माझा फ्लॅट अभिनवला द्यावा. अट काही नाही. फ्लॅट मी कोशाला ठेवीन अशी आशा कोशाचे संपादक दिगंबर पाठक यांना होती. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि आशा करणे त्यांना फार जमते. मी ती जाणूनबुजून पुरी केलेली नाही. घर दिले की कोश माझा होऊन बसेल. मग माझा फोटो लागणार, फोटोला हार येणार, आणि वाचणाऱ्याला वाटणार की बाईंनी सोय करून ठेवली आहे, आता आपल्याला काय. बँकेतल्या पैशातून आधी दवाखान्याचे बिल भागवावे, उरेल ते अभिनवचे. माझ्या मागे माझी वर्गणी म्हणून कोशाला फक्त पाचशे रुपये द्यावेत. पाचशेच का, ते पुढे येईल.

कलम २. माझे यजमान कै. रंगनाथ तांब्याची भांडी घडवत. त्यांची ऐरण आमच्या आळीतल्या मच्छिंद्रने वापरायला म्हणून नेली ती आजतागायत आणलेली नाही. ती मागायला जाऊ नये, तो "कुठली ऐरण?" म्हणेल आणि उगाच तोंडातोंडी होईल. भांड्यांवर ठोके उमटवायच्या मठाराच्या हातोड्याही त्यालाच देऊन टाकाव्यात. आळीत हातोडीचा आवाज काढणारा तो एकच उरला आहे, एवढ्यावर मी त्याला माफ करते. माझ्या जाऊबाईंना काहीही ठेवलेले नाही. कारण त्यांना ठाऊक आहे.

कलम ३. माझा चहाचा स्टीलचा थर्मास भाग्यश्रीला द्यावा. भाग्यश्री मूळची चंद्रपूरची, हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत नोकरीला, लग्नाआधी माझ्याकडे पेइंग गेस्ट होती. कोशाची सगळी यंत्रणा तिने रात्रीचा दिवस करून उभी केली आणि कधी एक पैसा घेतला नाही.

थर्मासची गोष्ट तिला माहीत आहे, पण इथे लिहून ठेवते. कारखान्यात आम्ही तपासणीवाले उत्पादन विभागाचा माल तपासत असू. लॉटमधले नमुन्याचे नग काढायचे, ते फसले तर अख्खा लॉट परत. आमच्यात एक अलिखित रिवाज होता, की ज्या विभागाचा माल तपासायचा त्या विभागाचा चहा प्यायचा नाही. ते लोक लबाड होते असे नव्हे. चांगलेच होते, आणि पंचाईत तिथेच होती. चांगल्या माणसाचा चहा प्यायला की त्याचा लॉट परत पाठवताना हात जड होतो. मी नोकरीभर घरचा थर्मास नेला आणि शिष्ट बाई म्हणवून घेतले.

कलम ४. हे कलम चेकचे. लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, माझ्या नावाचा एक चेक आहे. तो श्री. इंद्रजीत भिंताडे यांनी एप्रिलमध्ये दिला. भैरववाडी पूर्वी गाव होते, आता पालिकेच्या हद्दीत आहे. तिथल्या स्वतःच्या जमिनीवर त्यांनी मोठे गृहसंकुल बांधले आहे. गृहस्थ पेढे घेऊन आले, खाली वाकून नमस्कार केला, म्हणाले की मराठीचे एवढे मोठे काम चालले आहे, पुढच्या दहा वर्षांचा खर्च माझा, फक्त वर कोपऱ्यात 'यांच्या सौजन्याने' एवढी ओळ टाका. दुसरे काही मागितले नाही. मी विचार करून सांगते म्हटले आणि चेक ठेवून घेतला. तेव्हापासून त्यांच्या ऑफिसातून फोन येतो, "मॅडम, चेक टाकला का?" आता ऑक्टोबर आला की चेकची मुदत संपेल, त्यामुळे फोन रोज येतो.

कोशात भैरववाडीवर लेख आहे. इंद्रजीतच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, माहिती सांगितली, जुन्या गावनकाशाचा आधार जोडला, आणि आम्ही लिहिले की गावातून बारमाही ओढा वाहत होता आणि त्याच्या पात्रावर आज ते गृहसंकुल उभे आहे. जूनमध्ये भाग्यश्री आणि तिचे यजमान त्याच संकुलात फ्लॅट बघायला निघाले. निघण्याआधी तिने कोश उघडला. लेखात ओढा नव्हता. 'येथे पावसाळ्यात काही ठिकाणी पाणी साचत असे' असे वाक्य होते. स्वतः बांधलेल्या कोशावर भरवसा ठेवून ती पोर बुकिंगचे पैसे भरून येणार होती. आदल्या वर्षी आप्पासाहेबांना भेटायला ती माझ्याबरोबर आली होती, म्हणून केवळ तिला ओढा आठवला आणि तिने मला फोन केला.

बदल कोणी केला ते कोशात दिसते. दिगंबररावांनी केला होता. मी त्यांना घरी बोलावून विचारले. मला वाटले होते इंद्रजीतने सांगितले असेल, निदान सुचवले असेल. दिगंबररावांचा चेहरा उतरला.

"कुणी काही सांगितलं नाही हो," ते म्हणाले. "पण आपण त्यांचं घेणार, आणि वर त्यांच्याच इमारतीखाली ओढा आहे म्हणून लिहायचं... बरं दिसत नाही."

बरे दिसत नाही! चेक अजून साड्यांखाली, आणि यांनी ओढा आधीच आटवला. मी भयंकर संतापले, काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण रात्रभर मला झोप आली नाही ती वेगळ्याच कारणाने. दिगंबररावांसारखा सरळ माणूस पुण्यात शोधून सापडायचा नाही. त्यांना कोणी विकत घेतले नव्हते. त्यांना भीड पडली होती. धमकी आली तर ती दाखवता येते, लाच आली तर फेकता येते. भिडेचे काय करणार? ती आतून येते आणि सभ्य माणसालाच आधी धरते.

ओढा मी त्याच दिवशी परत लिहिला. दिगंबरराव कोश सोडून गेले नाहीत, रोज येतात, मान खाली घालून शुद्धलेखन तपासतात. त्यांच्यावर माझा आता राग नाही, हे इथे मुद्दाम नमूद करते. पण हा चेक कोशाने कधीही वटवू नये.

कलम ५. आता जाहिराती. अभिनव काल आला होता. त्याचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडते, कारण तो मूर्ख नाही आणि मागे दोनदा भाडे त्यानेच गुपचूप भरले आहे, मला कळू न देता. तो म्हणाला, "आई, अगं फुकट काहीच नसतं. कोपऱ्यात एक ॲड दिसली तर कोणाचं काय जातं? आणि तू लोकांकडे हात पसरणार, ते मला नाही बघवत."

मी त्याला मधुमेहाचा लेख दाखवला. शाळेतली मुले, म्हातारी माणसे तो वाचतात. त्याच्या शेजारी कोण येऊन बसेल? मधुमेह मुळापासून घालवणारा चूर्णवाला. आपण लेखात म्हणायचे औषध सोडू नका, आणि शेजारून त्याने ओरडायचे की सोडा. अभिनव म्हणाला तसल्या जाहिराती गाळता येतात. मी म्हटले, गाळशील, आणि मग महिन्याला कमी पैसे आले की एकेक करून परत घेशील. तो उठला. जाताना पाया पडला आणि दारात जरा जास्त वेळ घुटमळला. हे लिहिताना मला रडू येत आहे, पण मत बदललेले नाही.

आणि हात पसरण्याबद्दल. यजमान कित्येक वर्षे आमच्या गणपती मंडळाचे खजिनदार होते. पावतीपुस्तक घेऊन दारोदार जायचे. मंडईत भाजी विकणाऱ्या बाया पाच-दहा रुपये देत, आणि मग मांडवात येऊन हक्काने भांडत, आवाज कमी करा, प्रसाद नीट वाटा, म्हणून. पुढे कंपन्या आल्या. रस्त्यावर कमानी लागल्या, आधी गुटख्याच्या, मग पेजरच्या, मग मोबाइलच्या. कमानींचे एवढे पैसे येऊ लागले की पावतीपुस्तक छापणे बंद झाले. त्या वर्षी यजमानांनी वर्गणीची नोट घड्याळाखाली काढून ठेवली होती. कोणी आलेच नाही. शेवटी हे स्वतः मांडवात गेले. कार्याध्यक्ष म्हणाले, "काका, आता तुम्हाला त्रास द्यायची गरज नाही." घरी येऊन हे मला म्हणाले, "सत्यशीला, आपल्याला मंडळातून काढलं गं." त्यानंतर कर्णा आमच्या खिडकीकडे तोंड करून लागला आणि तो हलवा म्हणायला आम्हाला तोंड राहिले नाही.

म्हणून कोश वर्गणीवरच चालवावा. ज्याच्याकडे मागायचे, त्याचे ऐकूनही घ्यावे लागते. मागण्यात मला लाज वाटत नाही. वर्गणीच्या नावाखाली दमदाटी करणारी मंडळेही मी पाहिली आहेत, तेव्हा मर्यादा घालते. वर्षातून एकदाच, गणपतीच्या दिवसांत मागावे, विसर्जन झाले की गप्प बसावे. न देणाऱ्यालाही सगळे वाचता यावे. एका माणसाकडून वर्षाला पाचशेच्या वर घेऊ नये, मग तो कोणीही असो, मीसुद्धा. देणाऱ्याचे नाव कुठेही छापू नये. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्याचे नाव असते आणि पंखा बंद पडला तरच ते वाचता येते, तेवढी हौस पुरे. पैसा कुठे गेला ते मात्र कोशातच सर्वांना दिसावे.

कोशाचे नाव, जागा आणि पासवर्ड मी भाग्यश्रीला देते. पहिली वर्गणी तिने येत्या ३ सप्टेंबरला, गणेशचतुर्थीला सुरू करावी. मी असो वा नसो.

कलम ६. वर्गणी पुरेशी जमली नाही तर? दिगंबरराव हेच विचारतात, भाग्यश्री विचारत नाही पण तिच्या डोळ्यांत तेच असते. तर सप्टेंबरअखेर भाग्यश्रीने सबंध कोशाची प्रत काढून जी ग्रंथालये, जी कॉलेजे ठेवून घेतील त्यांना फुकट द्यावी आणि कोश बंद करावा. अभिनवकडून भाडे घेऊ नये. हे वाक्य लिहायला मला अर्धी सकाळ लागली. चार वर्षांचे काम असे बंद करायला सांगताना छातीत कळ येते, आणि ती झडपेची नाही. पण लोकांना तो नको असेल तर त्यांच्या नावावर तो दुसऱ्या कोणाच्या पैशाने जगवायचा नाही.

कलम ७. साक्षीदारांना मृत्युपत्रात काही ठेवू नये असे म्हणतात. दिगंबररावांना मी साक्षीदार केले, त्यामुळे त्यांना काही नाही. त्यांनी राग मानू नये. दुसरे साक्षीदार म्हणून आप्पासाहेब भिंताडे यांना बोलावले आहे. मुलाने चेक दिल्याचे त्यांना ठाऊक नाही. सही कशावर करतो ते माणसाला कळावे, म्हणून आले की मी त्यांना सगळे वाचून दाखवणार आहे. ते उठून गेले तर नवा साक्षीदार शोधावा लागेल.

पुरवणी, आजच, दुपारी. आप्पासाहेब आले. वाचून दाखवले. भाग्यश्रीने चहा पुढे केला, त्यांनी हातानेच नको म्हटले. दिगंबरराव भिंतीकडे बघत होते. मग आप्पासाहेब म्हणाले, "चेक आना हिकडं." मी कपाटातून काढून दिला. त्यांनी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. "पोराचा हाय, पोराला दितो." मग दुसऱ्या खिशातून शंभराची नोट काढली आणि टेबलावर ठेवली. भाग्यश्री म्हणाली की वर्गणी ३ तारखेपासून आहे. ते म्हणाले, तवर मी र्‍हातो का जातो, घ्या आत्ताच, आन् पावती पायजे. पावतीपुस्तक कुठले असणार! दिगंबररावांनी कोरा कागद ओढला आणि शाळेतल्या फळ्यावर काढावे तसे अक्षर काढून पहिली पावती लिहिली. सह्या झाल्यावर आप्पासाहेबांनी चहा मागून घेतला. तेव्हा कलम ४ मधला चेक आता कपाटात नाही, तो शोधू नये.

वरील सर्व मजकूर माझा आहे, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी खाली सही करते.

ठिकाण: कसबा पेठ, पुणे
दिनांक: २४ ऑगस्ट २००८, रविवार

(सही) सत्यशीला रंगनाथ वडके

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. (सही) दिगंबर श्रीधर पाठक, निवृत्त शिक्षक, राहणार कसबा पेठ, पुणे.

२. (सही) आप्पासाहेब मारुती भिंताडे, धंदा शेती, राहणार ओढ्याकाठी, भैरववाडी, पुणे.

(साक्षीदार क्र. २ यांचा पत्ता त्यांनी सांगितला तसाच, साक्षीदार क्र. १ यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे.)