मी खुर्चीवरून उठले नाही

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आजीचे अनेक आशीर्वाद आणि दोन्ही गालांवर एकेक पापा, वि. वि.

तू पाठवलेला चष्मा लावून लिहायला बसले आहे. चौथी शिकलेल्या बाईला एवढं लख्ख दिसायला लागलं की घरातली धूळही दिसते, पण तुझ्या आईला ते सांगायची सोय नाही. ती बरी आहे. माझा गुडघाही बरा आहे, डावा. उजव्याचं विचारू नकोस. काय सांगत होते? हां, झाड.

तुझ्या बापाने अंगणाचा नकाशा काढलाय. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता स्वतःची बारा पावलांची बाग मोजतोय. फाटकाजवळ बाक, नळाजवळ कचऱ्याचा डबा, आणि भिंतीच्या उबेला, जिथे दिवसभर ऊन असतं, तिथे एक गोल. गोलात लिहिलंय मेपल. शोभेचं झाड म्हणे, पानं लाल होतात. मी विचारलं, फळ काय येतं? तर म्हणाला, आई, ते नुसतं बघायचं झाड आहे. मी म्हटलं, नुसतं बघायला तू आहेस की घरात.

अगं, त्या नकाशात कचऱ्याच्या डब्याला जागा आहे, माझ्या खुर्चीला नाही. आणि माझ्या लिंबाला तर नाहीच. आठवतं ना, परदेशी जाण्याआधी माझ्या जुन्या खोलीवर निरोप घ्यायला आलीस तेव्हा तुझा घसा बसला होता? मी गरम पाण्यात लिंबू पिळलं, गाळणीत बी राहिली, ती तू बिस्किटाच्या डब्यात खोचलीस आणि गेलीस विसरून. तीन वर्षं मी पाणी घालतेय. इथे राहायला आले तेव्हा सामान टेम्पोत मागे आणि डबा माझ्या मांडीवर. आता गुडघ्याएवढं झालंय. तुझी आई म्हणते, काटे आहेत. असू देत की, कुणाला नसतात?

दोन वर्षं झाली मला या घरात. पडदे यांच्या पसंतीचे, पलंग यांच्या पसंतीचा, माझा चहाचा कपसुद्धा तुझ्या आईने निवडलेला. मी कधी हूं की चूं केलं नाही. पण त्या उन्हात माझं लिंबूच लागणार, असं मी सांगितलं, तर तुझा बाप हसला. चिडला असता तर मी कदाचित सोडूनही दिलं असतं. हसला ना, मग आता नाही.

खड्डा खणून तयार आहे. शनिवारी झाड यायचंय. शनिवारी मीही अंगणात असणार आहे.

जेवत जा, लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

१३ फेब्रुवारी

ती. आजीस,

नमस्कार आणि घट्ट मिठी, वि. वि.

दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासून माझी बोटं बधिर झाली आहेत, अक्षर गोड मानून घे. हे पत्र पोचेल तेव्हा तुझा शनिवार होऊन गेला असेल, म्हणून माझा जीव खालीवर होतोय. एक कबूल करते. ते मेपल माझ्यामुळे आलंय. मागच्या वर्षी मी बाबांना लिहिलं होतं की माझ्या खिडकीबाहेर एक मेपल आहे, ते लाल झालं की घरची आठवण जरा कमी छळते. एवढं एकच वाक्य. बाकी अख्खं पत्र गळक्या नळाबद्दल होतं. बाबांनी नळाचं काहीच विचारलं नाही, आणि आता बघ, झाड लावायला निघाले. त्यांना वाटत असेल, तेच झाड दारात असलं की मी परत येईन.

ते स्वतः हे तुला मेले तरी सांगणार नाहीत, म्हणून मी चुगली करतेय. त्यांना फार टोमणे मारू नकोस. थोडे मार.

माया कर, रागावलीस तरी कर.

तुझीच, भिंगरी

२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आजीचे उदंड आशीर्वाद, वि. वि.

ऐक. शनिवारी सकाळी सातला मी अंगणात गेले. खड्ड्यावर फळी, फळीवर खुर्ची, खुर्चीवर मी. मांडीवर तुझ्या बापाचा सदरा घेतला काजं करायला. शिंप्याच्या दुकानात तीस वर्षं काजं केली, हात अजून थरथरत नाही. नर्सरीची दोन माणसं झाड घेऊन आली, मुळं पोत्यात बांधलेली. मी म्हटलं, बाबांनो, चहा घ्या, पण झाड उतरवू नका.

तुझ्या बापाने आधी विनवलं, मग घड्याळ दाखवलं, मग तुझ्या आईला बोलावलं. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर शाल टाकून आत गेली. मला अपेक्षा नव्हती हो तिच्याकडून.

दोघांतला म्हातारा नर्सरीवाला म्हणाला, साहेब, इथे दिवसभर ऊन दिसतंय, याची पानं करपतील, याला सावली लागते. म्हणजे तुझ्या बापाने सगळं मोजलं, फक्त वर मान करून बघितलं नाही! बटण हातात घेतल्याशिवाय काज कापायचं नाही, हे मला मास्तरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी तसं बोलले. चारचौघांत बोलायला नको होतं, पण बोलले.

तर तुझा बाप एकदम म्हणाला, आई, तुझं लिंबू बियांचं आहे, फळ धरायला अजून पाच-सहा वर्षं लागतील. नर्सरीवाले आपापल्या कपात बघायला लागले. मी एकोणऐंशीची, ते सगळ्यांना माहीत आहे.

मी दोरा दातांनी तोडला आणि म्हटलं, लागू देत. मला कुठे जायचंय?

तुझं पत्र त्यानंतर आलं. आधी आलं असतं तरी मी उठले नसते, हे खरं सांगते. लेकीसाठी हवंय, असं तो तोंड उघडून बोलला असता, तर मेपलला दुसरी जागा शोधून दिली असती. पण उठले नसते.

सध्या ते नळापाशी पोत्यात उभं आहे. तुझा बाप माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी तेवढंही बोलत नाही.

अशीच चुगल्या करत जा, माझा लोभ दुप्पट होतो.

तुझी आजी

१ मार्च

चि. भिंगरी,

बाबांचे आशीर्वाद.

आजीने तुला सगळं तिखटमीठ लावून कळवलं असेलच. ती फळी खड्ड्यावर मीच टाकली होती, तिचा पाय खड्ड्यात जाऊ नये म्हणून. हे तिने लिहिलं नसेल.

पाच-सहा वर्षांचं मी बोलायला नको होतं. तीन आठवडे झाले, घास गोड लागत नाही. काल नर्सरीत एक कलमी लिंबू बघून आलो, दोन फळं धरलेलं. उद्या आणतो. तिला आत्ताच स्वतःच्या हाताने तोडता येतील. तुझं मेपल स्वयंपाकघरामागे सावलीत लावलं.

नळ दुरुस्त झाला का?

बाबा

१० मार्च

चि. भिंगरीस,

आजीचे मोजता येणार नाहीत इतके आशीर्वाद, वि. वि.

तुझा बाप कलमी लिंबू घेऊन आला. दोन लिंबं, पिवळीधमक. मी दोन्ही तोडली, सरबत करून तिघांनी प्यायलं, आणि झाड शेजारणीला देऊन टाकलं. तुझा बाप बघतच राहिला. मी म्हटलं, मला घाई आहे असं तुला कुणी सांगितलं?

मग तो आत गेला आणि पत्र्याची कात्री घेऊन आला. बिस्किटाचा डबा त्याने कापला, मुळांना धक्का लागू दिला नाही. मी माती लोटली. लिंबू त्याच खड्ड्यात लागलंय. फळी त्यानेच टाकली होती, हो. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मुद्दाम ठेवलं होतं.

काल नकाशा परत टेबलावर होता. मेपल खोडून लिंबू लिहिलंय, आणि शेजारी एक छोटा चौकोन. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, तुझी खुर्ची. मी म्हटलं, हातभर पुढे घे, काटे लागतील. त्याने मुकाट्याने रबर घेतलं.

तुझ्या मेपलला रोज संध्याकाळी पाणी मीच घालते. बापाला कळवू नकोस, शेफारेल.

आता तू एक कर. सहाव्या वर्षाची रजा आत्ताच मागून ठेव. पहिलं लिंबू मी तोडणार, तू सुरी धर. आणि तोवर माझा नंबर वाढेल, तर जाड काचा घासायला घे.

लोभ ठेव, मी तर ठेवणारच आहे, आणि फळ धरेपर्यंत त्या खुर्चीवरून उठणार नाही.

तुझी आजी