मधल्या दाराच्या दोन कड्या

मी, वेलिका, पेट्को यांची थोरली मुलगी, दिन्को मिन्चेव यांची विधवा, राहणार ड्रेनोव्हो, आज क्षमेच्या रविवारी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचं दडपण नाही. आणणार कोण, माझ्या खोलीत कुणाला येताच येत नाही! शाळा जेमतेम शिकले, तेव्हा अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, ते वाचणाऱ्याने सोसून घ्यावं. पाद्री मिरोन म्हणतात, हाताने लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत. मला हवेत. ते स्वतः खिडकीखाली शिडी धरून उभे आहेत, आणि शिडीवर आमचा शेजारी स्तामेन सुतार. अशी आलेली माणसं मी नुसती कशी जाऊ देईन?

कलम पहिलं, घर. आम्ही दोघी जुळ्या बहिणी, मी आणि गेना. दोघी विधवा होऊन माहेरी आलो. तात्यांनी जाताना वाटणी केली: चूल आणि मागची खोली मला, पुढची खोली आणि फाटक गेनाला. म्हणाले, "एकीकडे चूल, एकीकडे फाटक, म्हणजे एकमेकींशिवाय तुमचं चालायचं नाही." भोळा माणूस. चाललं की! तिने लोखंडी शेगडी आणली, मी खिडकीला शिडी लावली. मधल्या दाराला माझ्या बाजूने मी कडी घातली, तिच्या बाजूने तिने.

शिडीवरून मी चर्चला गेले, बाजाराला गेले, लेकीच्या लग्नालाही नवा झगा सावरत शिडीवरूनच उतरले. मग गुडघा गेला. दोन हिवाळे झाले, या चार भिंतींबाहेर पाऊल नाही. पाव स्तामेन खिडकीतून देतो. प्रभुभोजन पाद्रीबाबा शिडीवर चढून चमच्याने भरवतात, आणि दर वेळी त्यांची टोपी खाली बकरीपुढे पडते. मला हसू येतं, ते म्हणतात, "आजी, निदान या घटकेला तरी हसू नका." हसू नको तर काय करू? भिंत तर हसत नाही.

घरातली माझी बाजू नात यासेना हिला द्यावी. अट एकच: गेनाकडच्या कुणालाही विकू नये.

कलम दुसरं. तांब्याची मोठी कढई, जिच्यात आलुबुखाराचा मुरंबा होतो, तीही यासेनाला. खाली लागू द्यायचा नाही गं, सारखं ढवळायचं, आणि फोन बाजूला ठेवायचा. बकरी स्तामेनला. ती टोपी खाते, हे त्याला सांगून ठेवलंय.

कलम तिसरं, मयत. ट्रंकेत मरणाचे कपडे आहेत, निळी ओढणी बांधावी, काळी नको, काळ्यात मी आजारी दिसते. आता अडचण ऐका. स्तामेनने परवा खिडकी मापली आणि डोकं खाजवत पुन्हा मापली.

"बोल की रे!"

"आजी, तुम्ही मावता. शवपेटी नाही मावत."

"मग मला बटाट्याच्या पोत्यासारखी काढणार?"

"नाहीतर फाटकातून न्यायला हवं. म्हणजे गेनाआजींच्या खोलीतून."

ऐकलंत? मेल्यावरसुद्धा तिची परवानगी! तेव्हापासून मला झोप नाही. जिवंतपणी कोंडलेली होते, ते चालवून घेतलं. मेलेली कोंडून कशी राहू?

कलम चौथं, भांडण. हे कुणाला द्यायचं ते ठरत नव्हतं, म्हणून आधी सांगून टाकते. क्षमेच्या रविवारी धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घ्यायचं आणि म्हणायचं, "मला क्षमा कर." थोरल्याने म्हणायचं, "देव करो, मीही केली." मग बनीत्सा, म्हणजे चीज भरलेली थरांची पोळी खायची, पांढरा हलवा खायचा, झालं. पण आम्ही जुळ्या. सुईणीने आधी जन्मलेलीच्या मनगटाला खूण म्हणून लाल-पांढरा दोरा बांधला होता. नेमकी मार्चची पहिली तारीख. तात्या आनंदाने धावत आले, आणि मार्च लागला म्हणून सगळे बांधतात तसा त्यांनी दुसरीलाही लाल-पांढरा दोरा बांधला! झाली खूण. आई तर जिच्याकडून पाणी भरून घ्यायचं तिलाच "माझी थोरली" म्हणायची. म्हणून दोघी थोरल्या राहिलो. दर वर्षी मी बनीत्सा करून वाट बघते, ती येईल म्हणून. भिंतीपलीकडे तिच्याही बनीत्साचा वास येतो.

दुसऱ्या कुणी माझं लाकूड नेलं तर मी सरपण देते, शिवी दिली तर दुसरा गाल पुढे करते, सगळा गाव सांगेल. पण रोजच्या प्रार्थनेत "जशी आम्ही क्षमा केली" आलं की मला खोकला येतो. त्या ओळीत मी खोलीपेक्षा जास्त अडकले आहे.

आज पाद्रीबाबांनी खिडकीखालूनच शुभवर्तमान वाचलं: दान वेदीपाशी ठेव, आधी जा, भावाशी समेट कर.

मी म्हटलं, "बहिणीचं काही लिहिलंय का?"

"पहिलं व्हायचं असेल त्याने सगळ्यांत शेवटचं व्हावं, असं लिहिलंय आजी."

"म्हणजे धाकटं?"

पाद्रीबाबांनी खाली पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "म्हणजे धाकटंच."

अहो, मी हसतच सुटले! स्तामेन शिडीवरून पडता पडता वाचला. इतकं सोपं? सुईण नको, पुरावा नको. मी कात्री घेतली आणि या मार्चचा मनगटावरचा दोरा कापून टाकला.

इथे लिहिणं थांबवून मी उठले होते, पुढचं नंतरचं आहे.

भिंत धरत मधल्या दारापाशी गेले. कडी गंजली होती, लाटण्याने ठोकून काढली. पलीकडून आवाज आला, "काय पाडतेस गं घर?"

"गेने, उघड. तुझी धाकटी बहीण क्षमा मागायला आलीय."

मग तिची कडी वाजली. हातात बनीत्सा, डोळे लाल.

"धाकटी कोण? मी धाकटी! बघ, माझ्या मनगटाला दोरा नाही. सकाळीच कापला."

"मी आत्ता कापला, मी जास्त धाकटी!"

"जन्मभर थोरली म्हणून मिरवलीस, आज मध्येच पुढे घुसतेस? हात दे इकडे!"

"तू दे!"

एकाच वेळी दोघी वाकलो आणि कपाळावर कपाळ आपटलं. टेंगूळ आहे. मग ती म्हणाली, "देव करो, मीही केली." मीही तेच म्हटलं, आणि खोकला आला नाही.

तेव्हा दुरुस्ती अशी. कलम पहिल्यातली अट रद्द. माझी बाजू गेना जिवंत असेतो तिने वापरावी, चुलीसकट, मग यासेनाची. दोन्ही कड्या स्तामेनने न्याव्यात आणि वितळवून बकरीला घंटा करावी. पेटी फाटकातून न्यावी, पण घाई नको. आज संध्याकाळी मी त्या फाटकातून स्वतःच्या पायांनी जाणार आहे, गेनाच्या खांद्यावर हात ठेवून. वर पहिल्याच ओळीत "थोरली" लिहिलंय, ते खोडलेलं समजावं.

ड्रेनोव्हो, ९ मार्च २००८.

वेलिका मिन्चेवा, पेट्को यांची धाकटी मुलगी

साक्षीदार:
पाद्री मिरोन (फाटकातून आत आले)
स्तामेन सुतार (हाही)
गेना, वरील वेलिकाची धाकटी बहीण